पिवळं कार्ड

"एकच अक्षर त लिहायचं आहे, जवाई. त्यात एवढा कायचा विचार करून राह्यले?"

जंगलूनं टेबलावरची पिवळ्या कार्डांची गड्डी बोटानं पुढं सरकवली. हेमराजनं ती मागं ओढून जागेवर ठेवली. टेबलावर तीन गड्ड्या होत्या. पांढरी, पिवळी आणि लाल. लाल गड्डी सगळ्यांत पातळ होती. तिच्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यानं स्टॅपलर ठेवला होता.

"भाऊ, आता नवीन मशीन आलं," हेमराज म्हणाला. "दहा मिनिटांत सांगते. त्याच्यापुढं काई लपत नाई."

"मशीन कार्ड भरते का?"

"नाई."

"कोण भरते?"

कार्डं हेमराजच भरत होता. अठरा वर्षांपासून तोच भरत होता, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं.

महामार्गावरच्या जाम गावच्या चौकातून आत वळलं की नऊ किलोमीटरवर हे आरोग्य केंद्र आहे. हेमराज मडावी तिथं प्रयोगशाळेत परिचर. रक्त घ्यायचं, नळ्यांवर नावं चिकटवायची, नोंदवह्या लिहायच्या, गावोगावी सिकलसेलची शिबिरं लागली की लोकांना समजावून सांगायचं, हे त्याचं काम. नोकरी कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नवा आदेश निघायचा. समजावून सांगण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. मोठे डॉक्टर हिमोग्लोबिन, जनुक, इलेक्ट्रोफोरेसिस असे शब्द घेऊन यायचे आणि समोरच्या बाया एकमेकींकडे बघायच्या. मग हेमराज उठायचा.

"रक्तातली तांबडी पेशी गोल असते, भाकरीसारखी," तो सांगायचा. "हा आजार असला का ते विळ्यासारखी वाकडी होते. बारीक शिरेत जाऊन अडकते. जिथं अडकली तिथं दुखते. मायकडून एक दोष आला न् बापाकडून नाई, त तो एएस. त्याले वाहक म्हणते. त्याले काई होत नाई, त्याचं कार्ड पिवळं. दोघाईकडून आला त एसएस. तो पेशंट. त्याचं कार्ड लाल. कोणाचाच नाई त एए, कार्ड पांढरं. बस, एवढंच आहे."

एवढंच होतं. पण त्यावर सोयरिका जुळत आणि मोडत. गोंडाच्या घरी लग्न जमवताना आधी देव विचारतात. तुम्ही किती देवे, आम्ही किती देवे. देव सारखे निघाले तर भाऊबंद, सोयरीक नाही. आता देव वेगळे निघाले तरी पाहुणे चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, बरं, कार्ड दाखवा.

"येत्या रविवारी अल्लीपूरचे पाव्हणे येऊन राह्यले," जंगलू म्हणाला. "पोरगा जामले टायरच्या दुकानात आहे. विक्की नाव त्याचं. पांढऱ्या कार्डाचा आहे. पोरगी पसंत, देव वेगळे, सारं पक्कं. पण त्याची माय म्हणते, कार्ड पाह्यल्याबिगर कुंकू लावणार नाई."

"दामिनीचं लाल कार्ड आहे ना शाळेतलं?"

"होतं. फाडलं मी. पुराबिरात गेलं म्हणून सांगजा."

"पूर कुठं आला तुमच्या इकडे?"

"मंग उंदरानं खाल्लं म्हणा. तुम्हाले कागदाचं जास्त समजते." जंगलू हसला. मग टेबलावर पुढं झुकून हळू आवाजात म्हणाला, "रुपीले करून देलतं ना तुम्ही? माही बहीणच होती ते. सतरा वर्षं संसार झाला तिचा. कोणी बोट दाखवलं नाई. आता तिची भाची परकी झाली का?"

हेमराजनं पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. त्याची बायको रुपा जाऊन आठ महिने झाले होते.

"दुपारी पाठवजा तिले," तो म्हणाला. "रक्त घ्यावंच लागते."

जंगलूला यात होकार ऐकू आला. तो उठला. पायाशी ठेवलेली कापडी पिशवी त्यानं टेबलावर चढवली. आत तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या.

"पहिला तोडा आहे. रुपीले लय आवडे," तो म्हणाला, आणि डोळे पुसत बाहेर गेला.

हेमराजनं पिशवी उचलून खाली ठेवली. ज्या माणसाला खरं सांगायचं असतं त्यानं आधीच शेंगा आणून द्याव्यात, हे बरं नव्हतं.

*

रुपाला त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते जंगलूच्या गावी, शाळेच्या ओसरीत, शिबिरात. तिची शीर सापडत नव्हती. त्यानं दोनदा टोचलं. तेव्हा तो नोकरीला नवीनच होता.

"तिसऱ्यांदा टोचान त आमच्या घरीच जेवून जा," रुपा म्हणाली. "एवढं रक्त फुकट नाई देत कोणी."

बाकीच्या पोरी खिदळल्या. हेमराजनं तिचा दुसरा हात पुढं घेतला, आणि तिसऱ्यांदा शीर लागली.

तेव्हाची तपासणी साधी होती. नळीत औषधी पाणी, त्यात रक्ताचा थेंब. नळीच्या मागं काळ्या रेघा काढलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर रक्त साफ. पाणी गढूळ होऊन रेघा बुजल्या तर सिकल आहे. मग तो नमुना जिल्ह्याला जायचा, आणि एएस की एसएस ते तिथून यादीत लिहून यायचं. रुपाच्या नळीमागच्या रेघा बुजल्या. हेमराजनं नळी हलवून तीनदा पाहिलं. चौथ्यांदा उन्हात नेऊन पाहिलं.

यादी महिन्यानं आली. तोवर तो काही ना काही कारण काढून तीन वेळा त्या गावी जाऊन आला होता, आणि एकदा जेवूनही आला होता.

यादीत तिच्या नावापुढं एसएस होतं.

त्याची आई रामबाई स्वभावानं वाईट नव्हती. तिनं जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं होतं आणि तिला घरात दोन हात हवे होते. "पोरगी चांगली आहे," ती म्हणाली. "पण लाल कार्डाची सून मले नोको. निंदाले जाईन का खाटेवर निजून राहीन?"

हेमराजचं स्वतःचं कार्ड पांढरं होतं. लेकरं झाली तरी पिवळीच निघतील, आजारी निघणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. ते त्यानं आईला दोन दिवस समजावलं. जे तो साऱ्या तालुक्याला समजावू शकत होता ते त्याला घरच्या चुलीपुढं बसून समजावता आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं पिवळं कार्ड घेतलं. रुपा सखाराम उईके, वय एकवीस. त्यापुढच्या चौकोनात लिहिलं, एएस. तेच नोंदवहीत उतरवलं. जिल्ह्याच्या यादीचा कागद घडी करून खिशात टाकला आणि घरी येऊन चुलीत घातला.

जामच्या चौकात चहाच्या टपरीवर त्यानं रुपाला आणि जंगलूला ते कार्ड दाखवलं. जंगलूनं त्याचे हात धरले. रुपानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"हा गुन्हा नाई का?" तिनं विचारलं.

"आहे."

"मंग कायले केला?"

"मायले समजावता नाई आलं."

रुपा जराशी हसली. त्या आजारात डोळ्यांचा पांढरा भाग नेहमीच पिवळसर असतो, तसा तिचाही होता. "डोळे पिवळेच आहे माहे," ती म्हणाली. "कार्डबी पिवळंच शोभंल."

*

दुखणं कार्ड बघून येत नसतं. थंडीत यायचं, कडक उन्हात यायचं, जास्त काम झालं की यायचं. कधी पायाची हाडं, कधी पाठ, कधी डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा. दुखायला लागलं की रुपा भिंतीला पाठ लावून बसायची आणि पदराचं टोक दातात धरायची. रामबाई दारातून बघायची.

"हेम्या, तुनंच त सांगतलं साऱ्या गावाले," ती म्हणायची. "पिवळ्या कार्डवाल्याले काई होत नाई म्हणून. मंग हे काय नाटक आहे?"

शब्द हेमराजचेच होते. रुपा उठायची आणि विळा घेऊन वावरात जायची.

लाल कार्डाच्या लोकांना केंद्रातून गोळ्या मिळायच्या. रुपाला त्या मिळू शकत नव्हत्या. हेमराज हिंगणघाटच्या दुकानातून आणायचा. कॅल्शियमच्या आहेत म्हणून आईला सांगितलं होतं. मोहरीच्या डब्यात तळाशी गोळ्या आणि वर मोहरी. फोडणी देताना रुपा डब्यात हात घालायची आणि गोळी तोंडात टाकायची. त्याला ते दिसायचं. कधी कधी ती त्याच्याकडे बघून डोळा मारायची.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिला दिवस राहिले. सातव्या महिन्यात लेकरू पोटातच गेलं. लाल कार्डाच्या बाईला पहिल्या महिन्यापासून मोठ्या दवाखान्यात पाठवायचं असतं, तसा नियमच आहे. पिवळ्याला तो नियम नाही. त्यानंतर लेकरू राहिलं नाही.

रामबाई वारली त्याला सहा वर्षं झाली. तेराव्यानंतर हेमराज म्हणाला, "आता कार्ड बदलून टाकू."

"कसं बदलान? नोंदवही कोणाच्या हातची आहे?"

"माह्या."

"मंग नोकरी गेली त खाऊ काय? लाल कार्ड?" रुपा म्हणाली. "राहू द्या. इतके दिवस निघाले. गोळ्या त भेटते."

त्यानं राहू दिलं. या महिन्यात करू, शिबिर झाल्यावर करू, नवा आदेश निघाल्यावर करू, असं करत पाचेक वर्षं गेली. पिवळं कार्ड तिच्या बटव्यात होतं. प्लास्टिकच्या पाकिटात, कारण तो सगळ्यांना सांगायचा, कार्ड जपून ठेवा, बाहेर जाताना सोबत ठेवा.

एप्रिलमध्ये ती गेली. ती जायच्या आदल्या दुपारी काय झालं ते हेमराजनं कोणालाही सांगितलं नव्हतं. जंगलू तेरा दिवस त्याच्याच घरी होता, त्याच्याशेजारी निजत होता. त्यालाही सांगितलं नव्हतं.

*

दामिनी दुपारी दोनला आली. ती बावीस वर्षांची, अंगानं बारीक. नवा कुडता घातलेला, केसांना पिन. अपेक्षानं तिचं रक्त घेतलं. अपेक्षा प्रयोगशाळेची तंत्रज्ञ, पुलगावची पोरगी, केंद्रात येऊन वर्ष झालं होतं. तिचा हात चांगला होता. एकदाच टोचलं आणि झालं.

"आत्या म्हणे, मामाजीनं तिले तीनदा टोचलंतं," दामिनी म्हणाली. आत्याच्या नवऱ्याला ती मामाजी म्हणायची.

"काका, खरंच?" अपेक्षा हसली आणि नळी घेऊन मशीनकडे गेली.

बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर हेमराज आणि दामिनी बसले. मध्ये तुरीच्या शेंगांची पिशवी. दामिनीनं न विचारता शेंगा सोलायला घेतल्या. दाणे तिनं रिकाम्या स्टीलच्या ट्रेमध्ये टाकले.

"विक्कीले सांगतलं का तू?" हेमराजनं विचारलं.

"त्याले मालूम आहे. पहिली भेट तशीच झाली ना. जामच्या स्टॉपवर पाय दुखून खाली बसली मी, उठताच येईना. त्यानं पाणी आणलं. टायर धुवायच्या बादलीतलं आणलं का काय, रबराचा वास येत होता." ती हसली. "मी पिऊन टाकलं. त्याच्या मायले नाई मालूम. तिले फक्त कार्ड पाह्यचं आहे."

"न् तुले काय वाटते?"

"मले? मले पिवळं द्या, मामाजी. आत्याले देलतं तसं. तिचं झालं ना चांगलं? तुम्ही कधी तिच्यावर हात नाई उगारला. बाबा सारखे म्हणते, जवाई असावा त असा."

अपेक्षा दारात आली. हातात मशीनमधून निघालेली कागदाची पट्टी. "काका, एसएस," ती म्हणाली, पट्टी त्याच्या हातात दिली आणि आत गेली.

हेमराजनं पट्टी गुडघ्यावर ठेवली.

"दामिनी, तुही आत्या कायनं गेली?"

"निमोनिया झालता ना?"

"नाई. सिकलचा क्रायसिस होता. छातीतला." तो समोरच्या निंबाकडे बघत होता. "मी नागपूरले होतो, दोन दिवसाच्या ट्रेनिंगले. याच मशीनच्या. इकडे तिले ताप आला, छातीत दुखाले लागलं. शेजारच्या आनंदाबाईनं ऑटोत टाकून मोठ्या दवाखान्यात नेलं. दुपारी तीन वाजता मले तिथच्या सिस्टरचा फोन आला. तुम्ही पेशंटचे मिस्टर का म्हणे. पेशंटले बोलता येत नाई, बटव्यात सिकलचं कार्ड सापडलं, एएस लिहिलं आहे. बरोबर आहे का? डॉक्टर विचारून राह्यले."

दामिनीचे हात थांबले.

"माह्या बाजूले जिल्ह्याचे साहेब बसले होते. साऱ्या तालुक्याचे लोक. चहा चालू होता. ज्याईनं तुह्या आत्याच्या एसएसची यादी पाठवलती तेच लोक." हेमराजनं गुडघ्यावरची पट्टी सरळ केली. "मी म्हटलं, हो, बरोबर आहे."

"मामाजी..."

"ऐकून घे. मले वाटलं, ताप आहे, सलाईन लागली, आता बरं वाटंल. सकाळी पहिल्या गाडीनं जाईन, डॉक्टरले बाजूले घेऊन खरं सांगीन. चार लोकांत काऊन बोलायचं. सकाळी सातले पोचलो. सांगतलं. डॉक्टर माह्याकडे पाहतच राह्यला. म्हणे, अहो, एएस समजून आम्ही निमोनियाचा इलाज करून राह्यलो. एसएस आहे हे समजलं असतं त काल दुपारीच रक्त बदलाले लागलं असतं. त्यानं धावपळ केली. रक्ताची बाटली आणली, चढवाले सुरुवात केली. नऊ वाजता गेली ते."

व्हरांड्यात एक म्हातारा खोकत आला, केसपेपरची खिडकी बंद बघून बसला. दामिनी ट्रेमधल्या दाण्यांकडे बघत होती.

"आत्यानं काऊन नाई सांगतलं?" तिनं विचारलं. "तिले त मालूम होतं."

"तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. आनंदाबाई सांगे, सिस्टर कार्ड पाहून राह्यली होती तेव्हा ते हातानं नाई नाई करत होती. आनंदाबाईले वाटलं, सुई नोको म्हणून राह्यली. तिनं हात धरून ठेवला तिचा."

दामिनीनं ओढणी तोंडाशी धरली. रडली नाही.

"बाबाले मालूम आहे हे?"

"नाई."

"सांगान?"

"आज. इथून तिकडेच येतो."

"ते मारतीन तुम्हाले."

"मारू दे."

"तुमचं काय जाते, मारू दे म्हणाले?" दामिनीचा आवाज एकदम चढला. म्हाताऱ्यानं मान वळवली. "आठ महिने तो माणूस तुमच्यासाठी डबा पाठवून राह्यला. जवाई एकटा आहे, जवाई जेवत नाई. माही माय ताप असला तरी उठून भाकर टाके तुमच्यासाठी. खात होते ना तुम्ही?"

"खात होतो."

"कशी गिळत होती तुम्हाले?"

गिळत होती, हेच खरं होतं. भूक लागायची आणि तो खायचा.

दामिनी उठली. कुडत्यावरची सालं झटकली. तिचे डोळे पाण्यानं भरले होते आणि तेही पिवळसर होते. हेमराजला त्याकडे बघवेना.

"मशीनमध्ये काय निघालं?"

"एसएस."

"मंग तेच लिहा."

तो आत गेला. लाल गड्डीवरचा स्टॅपलर उचलला. दामिनी जंगलू उईके, वय बावीस, एसएस. अक्षर त्यानं नेहमीपेक्षा मोठं काढलं. शिक्का मारला. तिनं ते वाचलं, बटव्यात ठेवलं.

"मी स्वतः दाखवीन विक्कीच्या मायले," ती म्हणाली. "मोडलं त मोडलं. माहं लेकरू पिवळं निघंल ना? लाल नाई?"

"लाल नाई निघत. विक्कीचं पांढरं आहे. विक्कीच्या माय-बापाले समजवाले मी येतो पाह्यजे त."

"तुम्ही नोको येऊ," दामिनी म्हणाली. पायऱ्या उतरून चार पावलं गेली आणि मागं न वळता थांबली. "बाबाकडे अंधार पडायच्या आधी येजा. मंग ते पिऊन येते."

ती गेली. तिनं 'येते' म्हटलं नाही. ट्रेमध्ये सोललेले दाणे तसेच होते.

*

जुन्या नोंदवह्या लोखंडी कपाटात खालच्या खणात होत्या. पाठीवर पांढऱ्या रंगानं वर्षं लिहिलेली. हेमराजनं हवी ती काढली. तिच्या कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या, पण आतलं शाबूत होतं. पान शोधावं लागलं नाही. गेल्या आठ महिन्यांत त्यानं ते इतक्यांदा उघडलं होतं की वही तिथंच उघडत होती.

अपेक्षा मशीन पुसत होती. तिनं पाहिलं.

"अपेक्षा, लाल पेन दे."

तिनं दिला आणि मागं उभी राहिली. हेमराजनं मोजपट्टी ठेवून एएसवर एक आडवी रेघ मारली. खालचं अक्षर वाचता येईल अशी. नियम तसाच आहे, खोडून काळं करायचं नाही. बाजूला लिहिलं, एसएस.

"काका, रुपा उईके म्हणजे आपल्या काकूच ना," अपेक्षा म्हणाली. "त्यांची मयत नोंद झाली आहे. आता बदलून कोणाला काय मिळणार?"

"नोंद आहे. खरी पाह्यजे."

"शेरा लिहावा लागेल. साहेब विचारतील, कारण काय म्हणून."

शेऱ्याच्या रकान्यात जागा थोडी होती. हेमराजनं पेन टेकवला. 'नोंद करताना चूक झाली' असं लिहायची पद्धत होती. त्या वहीत चार ठिकाणी त्याच्याच हातानं तसं लिहिलेलं होतं. कोणी पुढं काही विचारलं नव्हतं.

त्यानं लिहिलं, 'मी जाणूनबुजून खोटं लिहिलं होतं.' खाली पूर्ण सही केली, हेमराज तुळशीराम मडावी, आणि तारीख घातली.

अपेक्षानं वाचलं. तिचा हात तोंडावर गेला.

"काका, नोकरी जाईल तुमची."

"हाव."

"मी नाही दाखवत साहेबांना. तुम्ही वही ठेवून द्या आत."

"दाखवजो," हेमराज म्हणाला. "उद्या साहेब आले का पहिले हेच पान उघडून समोर ठेवजो. तुह्या सहीशी याचा काई संबंध नाई, तुले काई नाई होत. नाई दाखवलं त होईन."

तिनं वही घेतली, पान दुमडलं नाही, मध्ये कागदाची पट्टी घालून टेबलावर ठेवली.

तिन्ही गड्ड्या कपाटात ठेवायची वेळ झाली होती. हेमराजनं पांढरी ठेवली, पिवळी ठेवली. लाल गड्डीतलं एक कार्ड काढलं आणि बसला. रुपा हेमराज मडावी. वयाच्या चौकोनाशी तो थांबला. मग लिहिलं, अडतीस. पत्ता लिहिला. एसएस लिहिलं. शिक्का मारून शाई वाळेपर्यंत थांबला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं, 'हे कार्ड नेहमी सोबत बाळगावे.'

त्यानं कार्ड सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं. ट्रेमधले दाणे शेंगांच्या पिशवीत ओतले, पिशवी घेतली आणि बाहेर पडला. चार वाजले होते. जंगलूचं गाव तिथून तीन किलोमीटर, अंधार पडायच्या आत सहज पोचण्यासारखं.

वारा सुटला होता. खिशाचं बटण तुटलेलं होतं. आठ महिन्यांपासून ते लावायचं राहून गेलं होतं. कार्ड उडू नये म्हणून त्यानं खिशावर हात ठेवला, आणि तसाच, एका हातात पिशवी आणि एक हात छातीवर, तो रस्त्याच्या कडेनं चालत राहिला.